काडीचे वय
(सोलापुरी डाळिंबाच्या छाट कलमांविषयी)

शेजारचा शाळकरी मुलगा गेल्या जूनमध्ये प्रकल्पवही घेऊन आमच्याकडे आला होता. घराभोवतालच्या पाच झाडांची नावे, उंची आणि वय लिहायचे होते. तुळस, कढीपत्ता, शेवगा झाले. डाळिंबापाशी त्याने विचारले, ‘‘काकू, ह्याचं वय किती?’’ मी सांगितले, ‘‘1999 साली लावलंय. कर वजाबाकी.’’ त्याने वजाबाकी केली, आकडा लिहिला आणि तो गेला.

रात्री माझ्या लक्षात आले की उत्तर चुकले. 1999 साली मी लावली ती काडी होती, आणि ती आमच्या साखर पेठेतल्या जुन्या घराच्या परसातल्या झाडावरून आणलेली होती. ते झाड माझ्या आईने 1965 साली लग्नानंतर बार्शीहून, तिच्या माहेरून आणलेल्या काडीचे. बार्शीचे झाड कोणी, कुठून आणले, ते सांगणारे आता कोणी नाही. बी रुजते तेव्हा नवा जीव जन्माला येतो. काडी रुजते तेव्हा तसे काही घडत नाही. जुनेच झाड दुसऱ्या जागी वाढू लागते. माझ्या दारातले डाळिंब पंचवीस-सव्वीस वर्षांचे आहे आणि नाहीही.

हा लेख त्या ‘नाहीही’विषयी आहे. मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी आणि एका पतसंस्थेत हिशेबनीस म्हणून तीस वर्षे, एवढीच माझी पात्रता. बाकीचे हिराचंद नेमचंद वाचनालयातल्या पुस्तकांतून, केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रावरच्या मेळाव्यांत मागच्या रांगेत बसून आणि मुख्यतः मेलेल्या काड्या उपटून बघत शिकले.

दाडिम, दाळिंबे, दानिम्म

साखर पेठेत आमच्या एका भिंतीला पद्मशाली विणकरांचे घर होते, दुसऱ्या भिंतीला कानडी बोलणाऱ्यांचे. आईच्या झाडाची फळे दोन्हीकडे जात. आम्ही डाळिंब म्हणायचो, कानडी आजी दाळिंबे म्हणायच्या आणि तेलुगू मावशी दानिम्म. तिन्ही शब्द संस्कृत ‘दाडिम’शी नाते सांगणारे.

ह्या दाडिमाचा एक उल्लेख मला फार वर्षे पुरला. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदावर एक अध्याय आहे. झाडे लावण्याच्या रीती सांगताना तो काही झाडांना ‘काण्डारोप्य’ म्हणतो, म्हणजे खोडाचा तुकडा लावून वाढवण्याजोगी. त्या यादीत फणस, अशोक, केळ, जांभूळ, द्राक्ष, महाळुंग यांच्याबरोबर दाडिमही आहे. तुकड्याला शेण फासून लावावे, असेही तो सांगतो. यादीतली सगळीच झाडे काडीने सहज येतात असे नाही. फणसावर मी दोन पावसाळे वाया घालवले आहेत. पण डाळिंबाच्या बाबतीत तो अचूक आहे.

त्याच्याही आठ-नऊशे वर्षे आधी ग्रीसमध्ये थिओफ्रास्टसने झाडांवर ग्रंथ लिहिला. बियांपासून वाढवलेली द्राक्षे, अंजिरे, डाळिंबे मूळ झाडापेक्षा हिणकस निघतात, असे त्याचे निरीक्षण आहे. दोन टोकांच्या दोन माणसांना एकच गोष्ट कळली होती: गोड डाळिंबाची बी पेरली तर गोडच फळ येईल याची हमी नाही. हमी हवी असेल तर काडीच लावायला हवी.

मराठीत आपण या साऱ्या प्रकाराला ‘कलम’ म्हणतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ बोरू. बोरू म्हणजे तिरका छेद दिलेला वेत, आणि छाट म्हणजे तिरका छेद दिलेली फांदी. लेखणीला आणि रोपाला एकच शब्द मिळाला तो त्या छेदामुळे.

फसवी पालवी

1998 साली साखर पेठेतले घर विकायचे ठरले. जागा घेणाऱ्याला परस नको होते. झाड जाणार हे कळल्यावर मी बारा काड्या छाटून जुळे सोलापुरात नव्या घरी आणल्या आणि फेब्रुवारीच्या अखेरीस कुंड्यांत लावल्या. वीस दिवसांत बाराही काड्यांना लालसर कोवळी पाने फुटली. मी शेजारपाजाऱ्यांना बोलावून दाखवली. मार्च संपेपर्यंत अकरा काड्या वाळल्या होत्या.

उपटून पाहिल्यावर एकीलाही मूळ नव्हते. हे मला कोडेच वाटले. मुळाशिवाय पाने आली कशी?

उत्तर सोपे आहे, आणि घरी काडी लावणाऱ्या प्रत्येकाने ते आधी समजून घ्यावे. वर्षभर जून झालेल्या फांदीत पिष्टमय पदार्थांचा साठा असतो. डोळ्यांना ऊब आणि ओल मिळाली की ते या साठ्यावर फुटतात. त्यासाठी मूळ लागत नाही. पण पान उघडले की त्यातून पाणी उडू लागते. खालून पाणी ओढायला मूळ नसेल तर काडीतले पाणी संपते आणि काडी मरते. पाने पंधरा-वीस दिवसांत येतात, मुळांना दीड-दोन महिने लागतात. मधला महिना-दीड महिना काडी पुंजीवर जगत असते. सोलापुरात मार्चची कोरडी हवा सुरू झाली की ती पुंजी झपाट्याने उडते. माझ्या अकरा काड्या या हिशेबात चुकल्या. मी स्वतः हिशेबनीस असून ते मला दिसले नाही.

मूळ मुळात येते कसे? काडीच्या खालच्या छेदावर आधी पेशींचा एक फुगीर, पांढरट थर चढतो. जखम भरून निघते. त्याच्या आसपास, विशेषतः पेऱ्याजवळ, काही पेशी आपले आधीचे काम सोडून मूळ होऊ लागतात. हे कोण घडवते याचा शोध विसाव्या शतकात लागला. फ्रिट्स व्हेंट या डच संशोधकाने 1920च्या दशकाच्या अखेरीस ओटच्या अंकुरांवर प्रयोग करून दाखवले की शेंड्याकडून खाली उतरणारा एक पदार्थ वाढ घडवतो. त्यालाच ऑक्झिन म्हणतात. 1930च्या दशकात हाच पदार्थ मुळेही फोडतो हे सिद्ध झाले. आज कृषी सेवा केंद्रात मिळणारी मुळे फुटण्याची पावडर म्हणजे त्याचाच कृत्रिम भाऊबंद, इंडोल ब्युटिरिक आम्ल, ज्याला सगळे आयबीए म्हणतात.

ऑक्झिन वरून खालीच वाहते, म्हणून काडीला वरखाली असते. हेर्मान फ्योख्टिंग या जर्मन शास्त्रज्ञाने विलोच्या काड्या दमट जागी उलट्या टांगल्या, तरी मुळे फुटली ती काडीच्या मूळच्या खालच्या टोकाला. हे त्याने 1878 साली प्रसिद्ध केले. माझी एक काकू काडी लावण्याआधी तिच्यावरचे काटे कोणत्या दिशेला आहेत ते बोट फिरवून बघायची. तिला फ्योख्टिंग माहीत नव्हता, पण काडीचे वरखाली माहीत होते.

गड्ड्याच्या आत

आई म्हणायची, काड्या गड्ड्याच्या आत लागल्या पाहिजेत. गड्डा म्हणजे आमच्याकडची सिद्धेश्वराची संक्रांतीची यात्रा. वेळ चुकल्यामुळे अकरा काड्या घालवल्यावर मला या वाक्याचा अर्थ कळला. डिसेंबर ते मध्य जानेवारी डाळिंब विसाव्यात असते, फांद्यांत साठा भरलेला असतो, ऊन सौम्य असते आणि उन्हाळ्याच्या आत मुळांना दोन महिने मिळतात. पुढे अनेक हिवाळ्यांत जे जमले ते असे:

काडी गेल्या पावसाळ्यातल्या वाढीची, पेन्सिलीएवढी जाड आणि वीतभर लांब घ्यावी. तिच्यावर चार-पाच डोळे हवेत. बुंध्यातून सरळसोट उसळणारे पाणसोट घेऊ नयेत. ते दिसायला तरतरीत असतात, पण आतून पोकळ मनाचे. शेंड्याचा हिरवा भागही नको. खालचा छेद पेऱ्याच्या लगेच खाली आणि आडवा द्यावा, वरचा डोळ्याच्या बोटभर वर आणि तिरका. म्हणजे लावताना वरखाली चुकत नाही आणि वरच्या छेदावर पाणी थांबत नाही. सगळी पाने काढून टाकावीत.

खालचे टोक पावडरीत बुडवून झटकावे. जास्त पावडर म्हणजे जास्त मुळे असे नसते, जादा मात्रेने टोक काळे पडते. रोपवाटिकांत दोन-तीन हजार पीपीएमच्या, म्हणजे लिटरला दोन-तीन ग्रॅम आयबीएच्या द्रावणात काड्या काही सेकंदच बुडवतात. पावडर नसली तरी डाळिंब लागते, फक्त कमी लागते. माझ्याकडे पावडरीने विसांतल्या बारा-तेरा लागतात, तिच्याशिवाय सात-आठ.

माती, वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत समान घेऊन काळ्या पिशव्या भराव्यात. नुसती आपली काळी माती नको. ती ओली असताना हवा कोंडते आणि सुकली की भेगाळते, आणि भेगेत कोवळे मूळ तुटते. काडीचा दोनतृतीयांश भाग मातीत, दोन डोळे वर. माती बोटांनी घट्ट दाबावी. वर हिरवी जाळी किंवा जुनी सुती साडी बांधावी. पाणी थोडे पण नेमाने द्यावे, आणि पाने आली की सकाळ-संध्याकाळ फवारा मारावा.

आणि मग हात आवरावा. काडी हलवून ‘लागली का’ बघण्याची इच्छा प्रत्येकाला होते, आणि मुळे तुटायचे मोठे कारण तेच. पहिल्या पालवीवर विश्वास ठेवू नये. ती वाढायची थांबून काही दिवसांनी दुसरी पालवी आली की समजावे, खाली मूळ आहे. पिशवीच्या भोकातून पांढरे टोक डोकावले की खात्रीच. जुलैत, चांगला पाऊस झाल्यावर रोप जमिनीत लावावे.

एक-दोनच रोपे हवी असतील तर गुटी बरी. आषाढ-श्रावणात फांदीवरची इंचभर साल बांगडीसारखी काढायची, तिथे आयबीए लावायचे, ओले शेवाळ गुंडाळून प्लॅस्टिकने बांधायचे. सालीतून उतरणारे अन्न आणि ऑक्झिन त्या जागी अडते, आतल्या लाकडातून पाणी मात्र चढत राहते. झाडाला जोडलेली असतानाच फांदी मुळे धरते. फसव्या पालवीचा धोका नाही, म्हणून रोपवाटिकावाल्यांचा भर गुटीवरच राहिला.

एकशे पंचेचाळीस खड्डे

इथवर हा लेख कोणत्याही बागकामाच्या पुस्तकात शोभला असता. पुढचे मला सांगितले पाहिजे.

2006 पर्यंत माझ्या हाताचे कौतुक नातेवाइकांत पसरले होते. सांगोला तालुक्यातल्या माझ्या मावसभावाने अर्ध्या एकरावर डाळिंब करायचे ठरवले. पंधरा फूट बाय दहा फूट अंतराने एकशे पंचेचाळीस खड्डे होत होते. विकतच्या रोपांचा खर्च त्याला जड होता. मी म्हटले, ‘‘रोपं मी करून देते.’’ ओळखीच्या एका बागेत भगव्याची छाटणी चालली होती. मालकाने आनंदाने पोतेभर काड्या दिल्या. डिसेंबरात गच्चीवर मी अडीचशे पिशव्या भरल्या, दीडशेच्या वर काड्या लागल्या. एप्रिलमध्ये रोपांवर एकही डाग नव्हता. 2007 च्या जुलैत भाऊ टेम्पो घेऊन आला.

तिसऱ्या वर्षी त्याने मृग बहार धरला. ऑगस्टच्या झडीत पानांवर पाणी शोषल्यासारखे बारीक डाग दिसले, मग ते काळे झाले. फळांवर तेलकट काळे ठिपके आले आणि ठिपक्यांतून फळे तडकली. फांद्या पेऱ्यांवर काळ्या पडून तिथेच मोडू लागल्या. तो तेल्या होता. गावातल्या प्रत्येकाने फवारणीचा वेगळा सल्ला दिला. भावाने सगळे केले. दोन बहार तसेच गेल्यावर त्याने जेसीबी बोलावला.

तेल्या हा झँथोमोनास या जिवाणूचा रोग. भारतात त्याची पहिली नोंद 1952 सालची, दिल्लीची. या शतकाच्या सुरुवातीला कर्नाटक-महाराष्ट्राच्या डाळिंब पट्ट्यात त्याने हाहाकार उडवला. उबदार, दमट हवेत तो भडकतो. पावसाच्या थेंबांबरोबर पानावरून पानावर उडतो आणि कात्रीच्या पात्यावरून झाडावरून झाडावर जातो. पण एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात तो मुख्यतः रोपांतूनच जातो. कोरड्या दिवसांत तो फांदीतल्या जुन्या जखमांत आणि डोळ्यांत गप्प राहतो. वरून काही दिसत नाही.

माझ्याच काड्यांतून तो गेला हे मी कशावरून म्हणते? बरीच वर्षे मी स्वतःला हाच प्रश्न विचारून सूट देत होते. वाऱ्या-पावसाने आला असेल, मजुरांच्या कात्रीतून आला असेल. पण त्या शिवारात जवळपास दुसरी डाळिंबाची बाग नव्हती. आणि ज्या बागेतून मी काड्या आणल्या तिथे आदल्या पावसाळ्यात फळे काळी पडली होती, हे नंतर तिथल्या गड्याकडून कळले. मालकाने लपवले असे मी म्हणणार नाही. मी विचारलेच नव्हते. काडी लागेल का, एवढाच माझा प्रश्न होता. ज्या झाडाची ती काडी, त्याची प्रकृती कशी, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता.

भावाने मला कधी दोष दिला नाही. एकदाच, पंढरपुरात एका लग्नात, तो म्हणाला, ‘‘ताई, काड्या मात्र तुझ्या झकास लागल्या होत्या.’’ त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते अजून लागते.

बी नवे करते, काडी जुने राखते

काडीने गोडी जशीच्या तशी येते, हे थिओफ्रास्टसपासून सगळ्यांना ठाऊक होते. काडीने दुखणेही जसेच्या तसे येते, ही त्याच नियमाची दुसरी बाजू. आपण तिच्याकडे बघत नाही.

महाराष्ट्राच्या डाळिंबाचा इतिहास या दोन बाजूंवर उभा आहे. पुण्यात गणेशखिंडीच्या बागेत डॉ. जी. एस. चीमा यांनी 1936 साली ‘आळंदी’ प्रकारातून मऊ बियांचे एक झाड निवडले. तेच पुढे ‘गणेश’ म्हणून घरोघरी पोहोचले. गणेशचा ‘गुल-ए-शाह रेड’ या लाल वाणाशी संकर करून, त्याच्या पुढच्या पिढीतून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘भगवा’ काढला. शेंदरी, अष्टगंधा, मस्तानी, रेड डायना अशी त्याला ठिकठिकाणी वेगळी नावे पडली. पण निवड झाल्यापासून ते काडी आणि गुटीनेच वाढत आले आहे. सांगोल्यापासून नाशिकपर्यंतच्या भगव्याच्या बागा म्हणजे जवळजवळ एकच झाड, लाखो बुंध्यांवर उभे. एकाला जे सोसत नाही ते सगळ्यांना सोसत नाही. 1845 साली आयर्लंडमध्ये बटाटा कुजला तेव्हा हेच घडले होते. तिथले बटाटेही बियांचे नव्हते, कंदांवरून कंद लावलेले होते.

म्हणून नवे काही हवे असेल तर पुन्हा बीकडे जावे लागते. 2005 साली सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले. त्याने 2017 साली ‘सोलापूर लाल’ हा वाण दिला. त्याच्या वंशावळीत भगवा आणि गणेश आहेत, ‘नाना’ हे शोभेचे ठेंगणे डाळिंब आहे, आणि हिमालयाच्या उतारांवरचे रानटी, आंबट ‘दारू’ही आहे. लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व यांचे प्रमाण त्यात भगव्यापेक्षा जास्त आहे. असे झाड काडीतून कधीच निघाले नसते. निघाल्यावर ते टिकवायला मात्र पुन्हा काडी किंवा गुटीच लागते, नाहीतर ऊतिसंवर्धन. तेही शेवटी कलमच. त्यात शेंड्याचा अगदी बारीक, निर्जंतुक केलेला कण बाटलीत वाढवतात. आईचे गुण घ्यायचे आणि दुखणे मागे ठेवायचे, असा तो प्रयत्न असतो.

एक पावसाळा

घरी काडी लावणाऱ्याकडे प्रयोगशाळा नसते, पण डोळे असतात. भावाच्या बागेनंतर मी स्वतःला एक नियम घातला: ज्या झाडाची काडी घ्यायची, ते झाड आधी एक पावसाळा बघायचे. हिवाळ्यात प्रत्येक झाड निरोगी दिसते. श्रावणाच्या झडीत पाने उलटी करून बघावीत, फळांवर ठिपका आहे का, पेरे काळे पडलेत का बघावे. एक जरी खूण दिसली तरी त्या झाडाची काडी घेऊ नये, कितीही गोड असले तरी. कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी. आणलेली रोपे इतर डाळिंबांपासून दूर ठेवून त्यांनाही एक पावसाळा दाखवावा. याने शंभर टक्के खात्री होत नाही, पण माझ्या हातून 2007 साली जे झाले ते याने बहुधा टळले असते.

पुण्याला राहणाऱ्या माझ्या मुलीने नवे घर घेतले आहे. खाली हातभर माती आहे. तिने मागच्या डिसेंबरात बार्शीच्या डाळिंबाची काडी मागितली. मी म्हटले, ‘‘थांब, या पावसाळ्यात झाड नीट बघते, मग देते.’’ ती हसली, म्हणाली, ‘‘साठ वर्षं बघतोय की आपण त्याला.’’ तरी मी बघितले. जुलै ते सप्टेंबर दर रविवारी, चष्मा लावून, पानन् पान. यंदा झाड स्वच्छ आहे. दिवाळी झाली की छाटीन. काड्या गड्ड्याच्या आत लागतील.

शेजारच्या मुलाच्या वहीतला आकडा मी दुरुस्त करायला सांगितला नाही. त्याच्या बाईंना समजावणे अवघड गेले असते. मुलीच्या दारात काडी लागली की तिलाही कोणी तरी वय विचारेल. बार्शीपासूनचे सगळे मी तिला आत्ताच एका कागदावर लिहून दिले आहे. शेवटच्या ओळीत भावाच्या एकशे पंचेचाळीस झाडांचीही नोंद आहे.